वहिवाट

"मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही."

हे वाक्य मी आजवर किती वेळा इंग्रजीत करून दिलंय त्याचा हिशोब नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टातली उलटतपासणी काढून बघा, शेवटी शेवटी हे वाक्य भेटतंच. साक्षीदार असं काही बोललेला नसतो. समोरचे वकील विचारतात, तुम्ही खोटं सांगताय ना, आणि तो म्हणतो "नाय ओ साहेब, देवाशप्पथ खरं सांगतोय", किंवा नुसती मान हलवतो, किंवा चिडतो, आणि एकदा तर एक बाई काहीच न बोलता वकिलांकडे इतका वेळ बघत राहिली की अख्खं कोर्ट गप्प झालं. पण टाइप होऊन कागदावर येताना या सगळ्यांचं एकच वाक्य होतं. पद्धतच तशी आहे, प्रश्न गाळायचा आणि उत्तर साक्षीदाराच्या तोंडी घालून सलग लिहायचं. त्यात कुणाचा दोष नाही. फक्त पुढे दहा-पंधरा वर्षांनी वरच्या कोर्टातले न्यायाधीश जेव्हा त्या बाईला पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांच्या हातात एवढंच असतं, ती बघत राहिली होती हे कुठेच नसतं.

मी मुंबई हायकोर्टात अपेलेट साइडला, म्हणजे मुख्यतः खालच्या कोर्टांवरची अपिलं चालतात त्या बाजूला, प्रॅक्टिस करते. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मात्र मुख्य काम पेपरबुकं बनवायचं आणि मराठी साक्षींची भाषांतरं करायचं. नातेवाइकांना अजूनही वाटतं की हायकोर्ट म्हणजे मोठ्ठा पिंजरा, साक्षीदार, भगवद्गीतेवर हात, आणि आपली भाची तिथे कुणाची तरी उलटतपासणी घेतेय. अपिलात साक्षीदार येतच नाही हो. येतात ते गठ्ठे. खालच्या कोर्टातून रेकॉर्ड मागवलं जातं, आर अँड पी (रेकॉर्ड अँड प्रोसीडिंग्ज) म्हणतो आम्ही, त्यात रोजनामा असतो, म्हणजे कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, निशाणी क्रमांक टाकलेले दस्त असतात, सातबारे, फेरफार, पंचनामे, साक्षी, आणि शेवटी खालच्या न्यायाधीशांचा निकाल. त्यातलं लागेल ते क्रमानं लावून, पानांना नंबर देऊन, मराठीचं इंग्रजी करून जे बांधतात ते पेपरबुक. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांसाठी सगळं जग त्या पेपरबुकाएवढं.

म्हणून मला नेहमी वाटत आलंय की अपेलेट जज हा आधी वाचणारा माणूस आहे आणि मग निकाल देणारा. कसा वाचतो, काय आधी वाचतो, कुठे थांबतो, मागची पानं परत उलटतो की नाही, यावर कुणाची जमीन आणि कुणाची जन्मठेप ठरते. आणि या वाचनाबद्दल बाहेर कुणी फारसं बोलत नाही, निकालाची बातमी होते पण आदल्या रात्रीच्या वाचनाची कशी होणार.

आदल्या संध्याकाळी बोर्ड लागतं, म्हणजे उद्या कुठल्या कोर्टापुढे कुठल्या मॅटर्स आहेत त्याची यादी. कुठल्या जजकडे कुठलं काम, क्रिमिनल अपील की फर्स्ट अपील की सेकंड अपील, ते रोस्टर चीफ जस्टिस ठरवतात. कोर्ट उठलं की फायली चेंबरमध्ये जातात आणि तिथून बऱ्याचदा गाडीत घालून बंगल्यावर. अ‍ॅडमिशनचं, म्हणजे मॅटर ऐकायला घ्यायची की नाही एवढंच ठरवायचं, बोर्ड असलं तर पन्नास-साठ मॅटर्ससुद्धा असतात, तेव्हा एकेका फाइलला किती मिनिटं मिळत असतील तुम्हीच विचार करा, पण अपील फायनल हिअरिंगला लागलं की गोष्ट वेगळी होते, मग एकच पेपरबुक आठवडाभर घरी टेबलावर पडून असतं.

एका निवृत्त न्यायमूर्तींशी मला एकदा निवांत बोलायला मिळालं होतं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी विचारलं की सर तुम्ही क्रिमिनल अपील वाचायला घेतलं की आधी काय वाचायचात. ते म्हणाले, जजमेंट सगळ्यात शेवटी. आधी फिर्याद, मग घटनास्थळाचा पंचनामा, मग डॉक्टर, मग साक्षीदार, आणि मग आपलं काय मत होतंय ते एका कागदावर पेन्सिलनं लिहायचं, आणि त्यानंतरच खालच्या जजनं काय म्हटलंय ते उघडायचं. कारण चांगलं लिहिलेलं जजमेंट आधी वाचलं की पुढची सगळी साक्ष त्याच्याच आवाजात ऐकू येते असं म्हणाले. हे वाक्य मी विसरले नाही, का ते पुढे सांगते.

ते घटनास्थळाचा नकाशा स्वतः काढायचे. फाइलमध्ये तलाठ्यानं किंवा पोलिसांनी काढलेला असतोच, तरीही स्वतः कोऱ्या कागदावर काढायचे, घर इथे, दार या बाजूला, गोठा इथे, साक्षीदार अमुक ठिकाणी झोपलेला, आणि मग पट्टी लावून बघायचे की त्याला तिथून दार दिसत तरी असेल का. एका केसमध्ये साक्षीदार म्हणाला होता की चांदण्यात चेहरा ओळखला. ते रात्री उठले आणि घरातल्या जुन्या पंचांगात तिथी शोधली, तर चंद्र उगवायला त्या वेळी अजून बराच अवकाश होता. मी म्हटलं मग झालंच की सर, सुटला आरोपी. ते माझ्याकडे जरा नाराजीनंच बघून म्हणाले, असं कसं, ते मी घरी बसून बघितलेलं, वकिलांना कुठे माहीत होतं, दुसऱ्या दिवशी पंचांग कोर्टात नेलं आणि दोन्ही बाजूंना विचारलं की यावर तुमचं काय म्हणणं आहे बोला. आपल्याला जे सुचलं ते समोरच्याला उत्तर द्यायची संधी न देता निकालात घालायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मला त्या नकाशापेक्षा आणि पंचांगापेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

सगळे असं उलट क्रमानं वाचत नाहीत. जजमेंट आधी वाचणारेही चांगले जज मी बघितलेत, त्यांचं म्हणणं असं की वाद नक्की कशाचा आहे ते कळल्याशिवाय चारशे पानांच्या जंगलात शिरायचं कसं. त्यातही तथ्य आहे, विशेषतः दिवाणी अपिलात. पण माझं स्वतःचं मत त्या पेन्सिलवाल्या न्यायमूर्तींकडे झुकतं, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

सातारा जिल्ह्यातले एक आबा होते, आमच्या सरांचे, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांचे, क्लायंट. त्यांच्या शेताला जायला शेजाऱ्याच्या बांधालगत एक पट्टी होती, बैलगाडी जाईल एवढी. शेजाऱ्यानं एका वर्षी काटे टाकून ती बंद केली. आबांनी दावा लावला की वीस वर्षांपेक्षा जास्त काळ आम्ही इथून जातोय, आमचा रस्त्याचा हक्क आहे. कायद्यात याला ईझमेंट म्हणतात, १८८२ चा कायदा आहे त्यावर. तालुक्याच्या कोर्टात आबा जिंकले. शेजारी जिल्हा कोर्टात अपिलात गेला, तिथे आबा हरले. हरायचं कारण असं की आबा साक्षीत म्हणाले होते, "सदर पट्टीची वहिवाट माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहे." जिल्हा कोर्टानं इंग्रजी निकालात वहिवाटीचं केलं पझेशन, म्हणजे ताबा. आणि ज्याचा पट्टीवर स्वतःच्या मालकीसारखा ताबा असल्याचा दावा आहे तो त्याच पट्टीवरून जायचा ईझमेंटचा हक्क मागू शकत नाही, ईझमेंट दुसऱ्याच्या जमिनीवर असतं, स्वतःच्या नाही. तत्त्व अगदी बरोबर आहे. लागू झालं ते एका शब्दावर.

आता ग्रामीण महाराष्ट्रात वहिवाट म्हणजे काय ते आपल्याला माहितीये. जमीन कसणं पण वहिवाट, आणि "वहिवाटीचा रस्ता" म्हणतो तेव्हा नुसतं येणं-जाणं पण वहिवाट. एकाच शब्दात दोन्ही बसतं आणि बोलणाऱ्याला कधी फोड करून सांगायची गरज पडत नाही, कारण ऐकणारा गावातलाच असतो.

हायकोर्टात सेकंड अपील दाखल झालं, आणि फायनल हिअरिंगच्या आधी पेपरबुक करायला माझ्याकडे आलं. मी काय केलं, आधी दोन्ही कोर्टांचे निकाल वाचले, म्हटलं विषय समजून घेऊ, आणि मग साक्ष भाषांतराला घेतली. त्या वाक्याशी आले तेव्हा माझ्या डोक्यात पझेशन हा शब्द आधीच बसलेला होता. मी तोच लिहिला. मला क्षणभरही थांबावंसं वाटलं नाही, मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातली असून.

सेकंड अपील म्हणजे अगदी अरुंद दार आहे हे इथे सांगायला हवं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १००, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर स्पष्टच आहे की कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय हायकोर्ट सेकंड अपिलाला हात लावणार नाही, आणि तो प्रश्न जजनं शब्दांत मांडून लिहायचा. घटना काय घडली, कोण खरं बोलतंय, यावर शेवटचा शब्द जिल्हा कोर्टाचा. लोकांना हे पटवून देताना फार त्रास होतो, रात्रीच्या एसटीनं मुंबईला आलेला माणूस म्हणतो अहो पण माझं खरं आहे ना, आणि आपल्याला सांगावं लागतं की काका इथे तो प्रश्नच नाहीये. फक्त पुरावाच चुकीचा वाचला गेला असेल, एखादं महत्त्वाचं वाक्य उलटं घेतलं गेलं असेल, तर तो कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. आबांचं सगळं अपील त्या एका फटीतून आत शिरलेलं होतं.

पुराव्याबाबत खालच्या कोर्टाच्या मताला एकूणच एवढा मान का, तर साक्ष घेणाऱ्या कोर्टानं माणूस बघितलेला असतो असं आपण धरून चालतो. १९३४ मध्ये शिव स्वरूपच्या केसमध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की सुटकेविरुद्धच्या अपिलात हायकोर्टाला सगळा पुरावा नव्यानं तपासायचा पूर्ण अधिकार आहे, पण ज्या जजनं साक्षीदार डोळ्यांनी बघितला त्याच्या मताला मान द्या, आरोपी निर्दोष असल्याचं गृहीतक लक्षात ठेवा, शंकेचा फायदा त्याला द्या, आणि निष्कर्ष फिरवायची घाई करू नका. आजही सुटकेविरुद्धच्या अपिलात युक्तिवाद तिथूनच सुरू होतात. खालच्या कोर्टाला साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहून ठेवायची सोय कायद्यात आहे, "साक्षीदार रडू लागली" असं कंसात कधीतरी सापडतं, पण फार क्वचित. बाकी बघितलेलं सगळं त्या जजबरोबर बदली होऊन निघून जातं.

मी ज्युनियर असताना या तत्त्वावर माझा पूर्ण विश्वास होता. मग देसाईगंजची केस मुळातून वाचली, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यातल्या मुलीच्या नावानंच ती केस ओळखली जाते पण मी नाव लिहीत नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस स्टेशन, एक गरीब आदिवासी मुलगी, आणि दोन पोलीस. सेशन्स कोर्टानं १९७४ मध्ये दोघांना सोडलं, तिला खोटारडी ठरवलं, आणि हे त्या जजनं ठरवलं ज्यांनी तिला समोर उभं असलेलं बघितलं होतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तिला कधी बघितलं नव्हतं, त्यांच्यापुढे फक्त कागद होते, आणि त्यांनी ते कागद वाचून निकाल फिरवला, म्हटलं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. एकाला ५ वर्षं, दुसऱ्याला १ वर्ष. मग सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये तेच कागद वाचले आणि दोघांना पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे जे झालं ते शांततेत झालं असं लिहून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध असेल आणि ती म्हणत असेल की संमती नव्हती तर कोर्टानं तेच धरून चालायचं.

मी ते तिन्ही निकाल एकापुढे एक वाचले तेव्हा मला झोप लागली नव्हती. ज्यांनी बघितलं त्यांना ती दिसली नाही. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यातल्या दोघांना ती कागदातून दिसली, आणि त्यांच्याही वर बसलेल्या तिघांना पुन्हा दिसली नाही. पोलीस स्टेशनच्या आत, रात्री, दोन पोलिसांपुढे ती ओरडली नाही, हे वाक्य सगळ्यांपुढे सारखंच होतं. आता मला कुणी म्हणालं की बघणाऱ्या जजचं मत जास्त खरं, किंवा कुणी म्हणालं की अलिप्त राहून कागद वाचणाऱ्याचं जास्त खरं, तर मी दोन्हीला लगेच हो म्हणत नाही.

दुसरं उदाहरण मला धीर देणारं आहे. टिळकांची १९०८ ची शिक्षा आपल्या सगळ्यांना माहीत असते, त्या कोर्टरूममधली त्यांचे शब्द कोरलेली पाटी १९५६ मध्ये चीफ जस्टिस चागलांनी अनावरण केली, हायकोर्ट बघायला येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबतो. १९१६ चं मात्र फार कमी लोकांना माहितीये. बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांनी होमरूलवर तीन भाषणं केली, मराठीत. सरकारी माणसांनी ती लघुलिपीत उतरवली, त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटनं टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात टिळकांतर्फे जिना उभे राहिले. जस्टिस बॅचलर आणि जस्टिस शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ ला तो हुकूम रद्द केला. बॅचलरांनी वाचायची जी रीत सांगितली ती अशी की सुटी सुटी वाक्यं उचलून त्यांना जास्त वजन द्यायचं नाही, अख्खं भाषण मोकळ्या मनानं वाचायचं आणि ऐकणाऱ्यावर एकूण परिणाम काय झाला असता ते बघायचं. इंग्रज सरकारच्या कोर्टात, महायुद्ध चालू असताना, टिळकांच्या बाबतीत हे झालं. मराठी भाषणांचं इंग्रजी, तेही कागदावर, आणि तरीही दोन माणसांनी ते सावकाश, पूर्ण वाचलं. माझं काम भाषांतराचं असल्यामुळे असेल, पण मला हा निकाल फार जवळचा वाटतो.

त्यात दोघं होते हेही महत्त्वाचं. मोठ्या शिक्षेची क्रिमिनल अपिलं दोघांपुढेच चालतात, डिव्हिजन बेंच. कोर्टात तुम्ही मागे बसलात तर दिसतं, दोघं मधूनच एकमेकांकडे झुकतात, हळू काहीतरी बोलतात, एक जण पान दाखवतो, दुसरा मान हलवतो. एक जण ड्राफ्ट लिहितो आणि दुसऱ्याकडे पाठवतो, तो खुणा करून परत पाठवतो. फाशी असेल तर हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती अंमलातच येत नाही, आरोपीनं अपील केलं असो वा नसो, आणि तेव्हा सगळा पुरावा पहिल्यापासून वाचणं हे कर्तव्यच असतं. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत विशेष कोर्टानं २०१५ मध्ये ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप दिली होती. त्यासाठी २०२४ च्या जुलैपासून खास बेंच बसलं, जवळजवळ सहा महिने ऐकलं, ३१ जानेवारी २०२५ ला निकाल राखून ठेवला आणि २१ जुलैला बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरू नका. त्या निकालावर मी इथे मत देणार नाही, ज्यांची माणसं त्या संध्याकाळी घरी आली नाहीत त्यांचंही मला माहितीये आणि ज्यांची माणसं एवढी वर्षं आत राहिली त्यांचंही. फक्त ते वाचन डोळ्यांपुढे आणा, महिनोन्‌महिने तेच कागद, आणि पान उलटताना माहीत असणं की दोन्हीकडे कुणीतरी वाट बघतंय.

दोघांचं पटलंच नाही तर तिसऱ्याकडे जातं. आयटी नियमांतल्या फॅक्ट चेक युनिटची केस आठवत असेल, सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का ते सरकारच्याच युनिटनं ठरवायचं असा तो नियम, ती अपील नव्हती, याचिका होती, पण रीत तीच. ३१ जानेवारी २०२४ ला जस्टिस गौतम पटेल एका बाजूला आणि जस्टिस नीला गोखले दुसऱ्या बाजूला, मग जस्टिस चांदूरकरांनी सगळं पुन्हा ऐकून २० सप्टेंबरला मत दिलं आणि तो नियम गेला. एकाच बाकावर शेजारी बसून, तेच युक्तिवाद ऐकून दोन अनुभवी माणसं वेगळ्या ठिकाणी पोचतात. लोकांना यात गडबड वाटते. मला यात दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याची खूण दिसते.

लिहिण्याबद्दल थोडंसं. आमच्याकडे भर कोर्टात निकाल डिक्टेट करायची जुनी परंपरा आहे, निकालाच्या डोक्यावर ओरल जजमेंट असं छापलेलं असतं. चागला तर युक्तिवाद संपला की बहुधा तिथल्या तिथे डिक्टेट करायला घ्यायचे, राखून ठेवायचे नाहीत. हे बघायला फार छान असतं, हरणाऱ्या वकिलासमोर, त्याच्या प्रत्येक मुद्द्याचं नाव घेऊन उत्तर द्यायचं आणि स्टेनोची बोटं थांबत नाहीत. मोठं अपील असलं की मात्र राखून ठेवतात, आणि राखून ठेवलेलं फार दिवस राहिलं की युक्तिवाद मनातून पुसट होत जातात. म्हणूनच २००१ मध्ये अनिल राय केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ६ महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार चीफ जस्टिसकडे जाऊन मॅटर दुसऱ्या बेंचकडे द्या म्हणू शकतो. त्याच वर्षी संतोष हजारीच्या केसमध्ये असंही सांगितलं की खालचा निकाल फिरवायचा असेल तर त्याच्या कारणांना थेट भिडा, लांबून फिरवू नका. आपल्याकडच्या मीमांसेची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्राची, तर शिस्तच आहे की संशय सांगा, मग पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, सांगा, आणि तोही असा की त्या पक्षाच्या माणसाला वाटावं आपण स्वतः बोललो असतो तर असंच बोललो असतो, आणि मगच सिद्धान्त. चांगला अपिलाचा निकाल वाचताना मला हीच शिस्त आठवते. हरणाऱ्याला त्यात स्वतःचं म्हणणं पूर्ण सापडलं पाहिजे.

आबांचं अपील फायनल हिअरिंगला लागलं तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच अजून नव्हतं, ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि आता साताऱ्याची कामं तिकडे जातात. आबा रात्रीच्या गाडीनं आले, धुतलेलं धोतर, टोपी, आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेजाऱ्याचे वकील बोलत होते, चांगले बोलत होते, माझंच भाषांतर वाचून दाखवत होते, पझेशन, पझेशन, आणि मी सरांच्या मागे बसून ऐकत होते आणि मला अजूनही काही खटकत नव्हतं.

मग जजसाहेबांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या पेपरबुकातून कागदाचे बारीक तुकडे बाहेर आलेले होते, पण त्यांनी पेपरबुक बाजूला सारलं आणि खाली बसलेल्या असोसिएटना, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्यांना, म्हणाले मूळ रेकॉर्ड द्या. ते आधीच वाचलेलं असणार, कारण पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही. म्हणाले, साक्षीदाराचा शब्द पझेशन नाहीये, त्याचा शब्द वहिवाट आहे. आणि मग दोन पानं पुढे गेले, उलटतपासणीत, आणि मराठीत मोठ्यानं वाचलं, "सदर पट्टीत आम्ही कधीही पेरणी केलेली नाही हे म्हणणे खरे आहे. पावसाळ्यात आम्ही तेथून बैलगाडी नेत नाही हे म्हणणे खरे आहे."

ही दोन वाक्यं शेजाऱ्याच्या वकिलांनीच तालुक्याच्या कोर्टात आबांकडून काढून घेतलेली, आबांना खोटं पाडायला. जिल्हा कोर्टानंही ती आबांच्या विरोधात धरली होती. जजसाहेबांनी शांतपणे विचारलं, ज्यानं त्या पट्टीत कधी दाणा टाकला नाही आणि जो तिथून फक्त गाडी नेतो, तो ताबा सांगतोय की रस्ता? समोरचे वकील पान बघत राहिले. मी खाली बघत होते, माझे कान तापले होते.

तेवढ्यात मागे हालचाल झाली. आबा उठून उभे राहिले होते. सकाळपासून त्या खोलीत त्यांना कळलेलं पहिलं वाक्य ते होतं आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. "होय साहेब," एवढंच म्हणाले. चोपदारानं हातानं बसा बसा केलं. जजसाहेबांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत, पण बघितलं.

अपील मंजूर झालं, तालुक्याच्या कोर्टाचा हुकूम कायम झाला. तेव्हापासून मी साक्षीचं भाषांतर पूर्ण झाल्याशिवाय कुठलाही निकाल उघडत नाही, आणि वहिवाट आला की वहिवाटच लिहिते, खाली दोन ओळींची टीप आणि मूळ पानाचा नंबर.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात आबांनी मला गाठलं. रस्ता मिळणार का वगैरे त्यांनी आधी विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, ते पेरणीचं साहेबांनी कुठनं आणलं? ते तर मी लई वर्षांमागं बोललो हुतो." मी माझ्याकडची झेरॉक्स काढून त्यांना ते पान दाखवलं, बोट ठेवून ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, उलटापालटा केला आणि साक्षीच्या पहिल्या पानावर आले, जिथे सगळ्यात वर साक्षीदाराचं नाव असतं, वडिलांचं नाव, वय ५१ वर्षे, धंदा शेती. त्या आकड्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"तवा एक्कावन्न हुतो व्हय मी," म्हणाले.